काशीबाईचे काळे पाणी

"त्याला काळ्या पाण्यावर धाडला," असे आपण बोलतो. पण काळे पाणी म्हणजे काय? तिथले पाणी काय शाईसारखे असते? तसे नाही. गुन्हेगाराला समुद्रापलीकडे नेऊन ठेवायचे, या शिक्षेला लोक काळे पाणी म्हणत.

इंग्रज सरकारने १८५८ साली अंदमान बेटांवर कैद्यांची वसाहत घातली. मद्रासेहून, म्हणजे आजच्या चेन्नईहून, अंदमान सुमारे साडेतेराशे किलोमीटर दूर. चोहीकडे समुद्र. पळणार कुठे? शिवाय समुद्र ओलांडला की जात बाटते, असे त्या वेळी लोक मानत. म्हणजे माणूस घराला मुकला आणि जातीलाही मुकला. एका गुन्ह्याला दोन शिक्षा झाल्या.

कैदी काही सगळे पुरुषच नव्हते. बायाही होत्या. त्यांचा तुरुंग वेगळा होता. त्यांना विणकामाला लावत. काही वर्षे नीट वागलेल्या बाईला तिथल्याच कैद्याशी लग्न करता येई. त्यांची मुले त्या बेटावरच वाढली.

विलायतेतील पोर

इंग्रजांनी ही शिक्षा आपल्याच लोकांना आधी दिली होती. १७८८ ते १८६८ या ऐंशी वर्षांत त्यांनी सुमारे एक लाख साठ हजार कैदी ऑस्ट्रेलियात पाठवले. त्यांत सुमारे पंचवीस हजार बाया होत्या. पुष्कळ जणींचा गुन्हा काय? कापड चोरले, भांडे चोरले, असली बारीकसारीक चोरी.

लंडनमध्ये मेरी वेड नावाची एक गरीब पोर होती. वय अजून चौदाही नव्हते. तिने आणि तिच्या सोबतिणीने एका लहान मुलीच्या अंगावरचे कपडे काढून घेतले. १७८९ साली कोर्टाने तिला फाशी सांगितली. पुढे फाशी टळली आणि तिला जहाजात घातले. १७९० साली ती ऑस्ट्रेलियात उतरली, ती तिथलीच झाली. तिच्याच वंशातले केविन रड पुढे त्या देशाचे पंतप्रधान झाले. एका अंगरख्यासाठी जिला फासावर चढवणार होते, तिचा हा वंश!

पुण्याची काशीबाई

आता आपल्या इकडची गोष्ट ऐका. ही चोरीची नाही, चोरीपेक्षा फार जड आहे. जोतिराव फुल्यांनी १८८४ साली सरकारला लिहून कळवली, म्हणून ती आपल्याला ठाऊक आहे.

पुण्यात सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरी काशीबाई नावाची ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. तरुण होती, चांगल्या घरची होती, वागायला सरळ होती. विधवेला पुन्हा लग्न करता यावे, असा कायदा १८५६ सालीच झाला होता. पण कायदा कागदावर राहिला आणि रूढी घरात राहिली.

शेजारी एक शास्त्रीबुवा राहत होता. तो तिच्या मागे लागला. पहिल्याने तिने त्याला दाद दिली नाही. शेवटी ती फसली आणि तिला दिवस गेले. मग त्याच्याच सांगण्यावरून तिने गर्भ पाडायला नाना औषधे घेतली. काही उपयोग झाला नाही. नऊ महिने भरले आणि मुलगा झाला.

आता तोंड कुठे दाखवायचे? घरात कोण ठेवील? भीतीने तिची मती फिरली. तिने त्या बाळाला मारले आणि मागच्या विहिरीत टाकले. दोन दिवसांनी पोलिसांनी तिला धरले. खटला चालला. शिक्षा झाली जन्मभर काळे पाणी.

बाळ मारणे हा मोठा गुन्हा आहे. त्याला कोणी बरे म्हणणार नाही. पण विचार करा. त्या बाईला विहिरीपर्यंत कोणी आणले? शास्त्रीबुवाने आणले. रूढीने आणले. शेजारपाजारच्या जिभेने आणले. बोटीत मात्र ती एकटी बसली.

फुल्यांनी काय केले?

जोतिराव नुसते हळहळत बसले नाहीत. हाती पैसा फारसा नव्हता. तरी त्यांनी आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली आपल्याच आवारात एक घर उघडले. त्याचे नाव बालहत्या प्रतिबंधक गृह. अडलेल्या विधवेने इथे यावे, गुपचूप बाळंत व्हावे, बाळाला मारू नये, अशा जाहिराती त्यांनी रस्त्यांच्या कोपऱ्यांवर भिंतींना चिकटवल्या.

१८८४ पर्यंत पस्तीस विधवा तिथे बाळंत झाल्या. पस्तिसांपैकी पाचच मुले जगली. गर्भ पाडायला आयांनी आधीच विषारी औषधे घेतली होती. त्यांनी तीस बाळे गेली. पाहा, लाज माणसाला किती महाग पडते!

अशाच एका विधवेचा मुलगा फुले पतिपत्नींनी दत्तक घेतला. त्याचे नाव यशवंत. तो शिकून डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात त्याने आणि सावित्रीबाईंनी रोग्यांची सेवा केली. त्याच सेवेत सावित्रीबाई गेल्या.

वऱ्हाडची ताराबाई

१८८१ साली सुरतेस असाच खटला झाला. विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला फाशी सांगितली. मग ती बदलून काळे पाणी केले. वर्तमानपत्रांनी गलका केला, "बायकांची जातच वाईट!"

हे आपल्या वऱ्हाडात बुलढाण्याला एका बाईने वाचले. तिचे नाव ताराबाई शिंदे. वडील बापूजी हरी शिंदे कचेरीत कारकून होते. त्यांनी मुलीला घरीच लिहायला-वाचायला शिकवले होते. ताराबाईला राग आला. तिने लेखणी उचलली आणि 'स्त्रीपुरुषतुलना' हे पुस्तक लिहिले. १८८२ साली ते पुण्यात छापले. किंमत होती नऊ आणे.

तिचा सवाल साधा होता. जे दोष तुम्ही बायकांच्या माथी मारता, ते पुरुषांत नाहीत काय? मग शिक्षा एकटीलाच का? लोकांनी टीका केली, पण जोतिरावांनी तिची बाजू घेतली. पुढे पुस्तक विस्मरणात गेले. १९७५ साली ते पुन्हा छापले गेले, आणि आज ते कॉलेजात शिकवतात. एका बाईला वाचता येत होते, म्हणून हे घडले.

आज काय?

काळे पाणी ही शिक्षा १९५६ पासून कायद्यात उरली नाही. तिच्या जागी जन्मठेप आली. पण टाकलेली बाळे अजून सापडतात. उकिरड्यावर सापडतात, देवळाच्या पायरीवर सापडतात.

आता कायद्याने वाट ठेवली आहे. बाळ सांभाळणे शक्य नसेल, तर आईला ते जिल्ह्याच्या बालकल्याण समितीकडे सोपवता येते. तिचे नाव गुप्त ठेवतात. फेरविचार करायला साठ दिवस मिळतात. अडचणीतल्या मुलासाठी १०९८ हा फोन फुकट लागतो. हा आकडा दारामागे लिहून ठेवा.

अमरावती जिल्ह्यात परतवाड्याजवळ वज्झर गाव आहे. तिथे शंकरबाबा पापळकर यांनी टाकून दिलेल्या अपंग मुलांना घर दिले, आपले नाव दिले. २०२४ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. जोतिरावांच्या आवारातले काम आपल्या वऱ्हाडातही चालू आहे.

आपल्या गावात एखादी लेक अडचणीत सापडली, तर तिला नावे ठेवायला शंभर जण येतील. तुम्ही तिच्या दारी जा आणि म्हणा, "बाई, भिऊ नको. वाट आहे." काशीबाईला असे म्हणणारे कोणी भेटले नाही.