गटाचा लॅपटॉप हळू झालाय? आधी झाकण उघडून बघू

 

आज बचतीचा हिशोब नाही की पापड-मसाल्याचा विषय नाही. आज ग्रामसंघाच्या टेबलावर फडकं घालून ठेवलेल्या लॅपटॉपबद्दल बोलायचं आहे. गावागावांतून एकच तक्रार येते, "ताई, चालू केला की चहा होतो, पिऊन होतो, तरी गोल फिरतच राहतं."

आमचंही तेच होतं. बैठकीच्या दिवशी बाया वावरातली कामं टाकून यायच्या आणि लिपिकाताई पडद्याकडे बघत बसायच्या. पुढे त्यातून टक-टक असा आवाज यायला लागला. आम्ही दुर्लक्ष केलं. एका दुपारी तो चालूच झाला नाही. पुन्हा चालू होईपर्यंत तीन महिन्यांचं इतिवृत्त आणि कर्जाचा तक्ता गेला तो गेलाच. मग प्रत्येकीचं पासबुक मागवून, रजिस्टर बघून ओळ न् ओळ परत लिहिली. वहीत नोंद होती म्हणून वाचलो. वही नसती तर कोणी किती फेडले यावरून गटात भांडण लागायला वेळ लागला नसता.

दुकानात विचारलं तर उत्तर मिळालं, "जुना झाला, नवा घ्या." नवा म्हणजे 35 हजार. एवढ्यात दोन बायांच्या शेळ्या होतात. म्हणून ठरवलं, आधी आत काय आहे ते समजून घेऊ.

आत काय असतं?

आपल्या स्वयंपाकघरात ओटा असतो आणि कोठी असते. ओट्यावर सध्या लागणारं सामान, कोठीत वर्षाचं धान्य. लॅपटॉपातही तसंच. रॅम म्हणजे ओटा. बंद केला की साफ. स्टोरेज म्हणजे कोठी. फोटो, तक्ते, पत्रं आणि खुद्द विंडोजसुद्धा तिथेच राहतं.

जुन्या लॅपटॉपात ही कोठी म्हणजे हार्ड डिस्क. तिच्या आत जात्यासारखी गरगर फिरणारी चकती असते, बहुतेक लॅपटॉपांत मिनिटाला 5400 फेरे. तिच्यावर एक बारीक दांडा सरकत सरकत माहिती शोधतो. हजार लहान फायली हव्या असल्या की दांडा हजार ठिकाणी पळणार, म्हणून वेळ लागतो. चालू असताना धक्का लागला तर चकतीला इजा होते. आपण तर लॅपटॉप ॲपे रिक्षातून, मांडीवर, चालू ठेवूनच नेतो.

आता मिळते ती एसएसडी. तिच्यात फिरणारं काहीच नाही, सगळी माहिती चिपमध्ये. पेनड्राइव्हचीच मोठी, वेगवान बहीण म्हणा. 1956 साली आयबीएमने पहिली हार्ड डिस्क काढली तेव्हा तिला 50 चकत्या होत्या, वजन टनाच्या आसपास, आणि मावत होतं आजच्या मोबाईलच्या एक-दोन फोटोंएवढं. आज तळहातापेक्षा लहान डबीत गावाचं सगळं दप्तर बसतं.

बदलण्याआधी चार गोष्टी बघा

पहिली, लॅपटॉप कोणाचा? कार्यालयाने किंवा प्रकल्पाने दिला असेल तर लेखी परवानगी घ्या. गटाचा असेल तर बैठकीत ठराव करा. वॉरंटी चालू असेल तर स्वतः हात लावू नका.

दुसरी, हळू होण्याचं कारण डिस्कच आहे का? कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्समध्ये डिस्कपुढे एचडीडी लिहिलं असेल आणि आकडा सारखा 100 टक्क्यांवर अडकलेला असेल, तर दुखणं तिथेच आहे. आधीच एसएसडी लिहिलं असेल तर कारण दुसरं शोधा.

तिसरी, कोणती बसेल? लॅपटॉपच्या पोटावर मॉडेल नंबर असतो, त्याचा फोटो काढून दुकानात न्या. जुन्या लॅपटॉपांत बहुधा अडीच इंची साटा डिस्क बसते. काहींत एम-टू नावाची लांबट पट्टी लागते, तिच्यातही दोन प्रकार आहेत, म्हणून विचारूनच घ्या. काही स्वस्त लॅपटॉपांत कोठी मुख्य पाटीवरच डागलेली असते. ती निघत नाही, तिथे खटाटोप नको.

चौथी, विंडोज 10 ला मिळणाऱ्या नेहमीच्या मोफत सुरक्षा दुरुस्त्या 14 ऑक्टोबर 2025 पासून बंद झाल्या आहेत. नवी डिस्क वेग देईल, पण जुन्या लॅपटॉपाला विंडोज 11 साठी पात्र करणार नाही. हे धरूनच खर्चाचा निर्णय घ्या.

आम्ही जळगावला गोलाणी मार्केटात गेलो. 256 जीबीची एसएसडी, जोडायची यूएसबी केबल आणि छोटा स्क्रू-ड्रायव्हर मिळून अडीच हजारांच्या आत पडलं. भाव बदलत राहतात, दोन-तीन ठिकाणी विचारा आणि पक्कं बिल घ्या.

आधी नक्कल, मग स्क्रू

ही ओळ वहीत लिहून ठेवा. उघडण्याआधी सगळं दप्तर पेनड्राइव्हवर उतरवा, आणि ते दुसऱ्या संगणकावर उघडून बघा.

पुढे दोन रस्ते आहेत. नवी एसएसडी यूएसबी केबलने बाहेरून जोडायची आणि क्लोनिंगच्या सॉफ्टवेअरने जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल तिच्यावर घ्यायची. हे रात्रभर चालू शकतं, म्हणून चार्जर लावून ठेवा आणि लाइट जाण्याची वेळ टाळा. डिस्क टक-टक वाजत असेल तर तिला इतकं राबवू नका. तेव्हा फक्त दप्तर उतरवा आणि नव्या डिस्कवर विंडोज नव्याने टाका. विंडोज मूळचं अधिकृत असेल तर त्याचा परवाना बहुधा मुख्य पाटीशी जोडलेला असतो, डिस्क बदलली म्हणून परत विकत घ्यावं लागत नाही. मात्र जुने मराठी फॉन्ट पुन्हा टाकावे लागतात. श्रीलिपीत लिहिलेली आमची पत्रं आधी अगम्य अक्षरांत दिसली आणि सगळ्यांच्या पोटात गोळा आला. फॉन्ट टाकल्यावर नीट दिसली.

आता झाकण

उघडायची वेळ आली तेव्हा आमच्यातली एक म्हणाली, "व माय, मी काही हात लावाव नही!" तीच बाई शिलाई मशीन सगळी उघडून तेल घालते. आम्ही म्हटलं, हे त्याहून सोपं आहे, फक्त नाजूक आहे.

लॅपटॉप शट डाउन करा, चार्जर आणि पेनड्राइव्ह काढा. बॅटरी बाहेरून निघत असेल तर काढा. टेबलावर सुती कापड पसरा. सिंथेटिक साडीच्या घर्षणाने स्थिर वीज तयार होते आणि तिचा बारीक झटका चिप बिघडवू शकतो. म्हणून हात कोरडे करून आधी खिडकीच्या लोखंडी गजाला उघड्या जागी हात लावा.

प्रत्येक पायरीचा फोटो काढा. स्क्रू मसाल्याच्या डब्यातल्या वाट्यांत वेगवेगळे ठेवा, कारण त्यांची लांबी सारखी नसते. आमचं झाकण निघेना. जोर लावला तर एक प्लॅस्टिकची कडी तुटली. मग दिसलं, एक स्क्रू रबरी पायाखाली लपलेला होता. म्हणून अडलं की ओढू नका, शोधा. जुनं प्लॅस्टिकचं कार्ड फटीत फिरवत कडेकडेने सोडवा. झाकण झटकन उचलू नका, कधी कधी त्याला बारीक पट्टीसारखी वायर जोडलेली असते.

आत बॅटरी असेल तर तिची जोडणी सगळ्यांत आधी काढा. बॅटरीला टोचू नका, फुगलेली दिसली तर तिथेच थांबा आणि कारागिराकडे न्या. मग डिस्कची चौकट सोडवा, डिस्क आडवी सरकवून खाचेतून काढा, त्याच चौकटीत नवी बसवा आणि तशीच सरकवा. मऊ ब्रशने पंख्यावरची धूळ झाडा. आमच्या पंख्यावर कापसाच्या तंतूंचा थर साचला होता. आपल्याकडच्या 45 अंशांच्या उन्हाळ्यात असा पंखा काय वारा घालणार? शेवटी बॅटरी जोडा आणि झाकण लावा.

बटण दाबलं. अर्ध्या मिनिटाच्या आत पडदा उजळला. जी हात लावणार नव्हती, तिनेच पहिली टाळी वाजवली.

जुनी डिस्क कुठे गेली?

मैत्रिणींनो, हे सगळ्यांत महत्त्वाचं. जुन्या डिस्कवर काय काय आहे ते आठवा. 2024 मध्ये लाडकी बहीणचे अर्ज भरताना किती जणींची आधार कार्डं, बँकेची पासबुकं, फोटो आपल्या हातून गेले! डिलीट केलं म्हणजे पुसलं गेलं असं नसतं. पुस्तकाची अनुक्रमणिका फाडली तरी आतली पानं तशीच राहतात, तसंच ते असतं. जाणकार माणूस ती पानं परत वाचू शकतो. म्हणून जुनी डिस्क दुकानात सोडून येऊ नका, भंगारवाल्याला देऊ नका. ती मागून घ्या.

डिस्क चांगली असेल तर केबल लावून दप्तराच्या नकलेसाठी वापरा आणि कुलपात ठेवा. टाकायची असेल तर क्विक फॉरमॅट नाही, पूर्ण फॉरमॅट करा. चालतच नसेल तर आतल्या चकत्यांना ड्रिलने आरपार भोकं पाडून घ्या आणि मग अधिकृत ई-कचरा केंद्रात द्या.

आमच्या ग्रामसंघात आता नियम केला आहे. दर महिन्याच्या बैठकीनंतर नक्कल घ्यायची, ती दुसऱ्या सदस्येच्या घरी ठेवायची, आणि कागदी रजिस्टर बंद करायचं नाही. तुमच्या पुढच्या बैठकीत एवढं विचारा, आपला लॅपटॉप उद्या बंद पडला तर आपला हिशोब कुठे आहे? उत्तर आलं नाही, तर त्याच दिवशी पेनड्राइव्ह आणा. स्क्रू-ड्रायव्हर नंतर.

राम राम.