गाडीला मेण लावण्यापूर्वी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझ्या भाच्याने नवी गाडी घेतली. आठवडाभरातच त्याचा फोन आला. स्वारी गाड्यांच्या सामानाच्या दुकानात उभी होती. म्हणाला, "मामा, इथे वीस बाटल्या आहेत. कशावर क्लीनर लिहिलंय, कशावर पॉलिश, कशावर सीलंट, कशावर वॅक्स. दुकानदार म्हणतो, सगळंच घ्या. तू आयुष्यभर रंगाच्या कारखान्यात होतास, तूच सांग कोणती घेऊ?" मी म्हटले, "आधी घरी ये. बाटलीचं नंतर बघू."

त्या दिवशी त्याला जे सांगितले, तेच आज तुम्हालाही सांगणार आहे. पण त्याआधी एक कबुली देतो.

साल २००३. माझ्याकडे चंदेरी रंगाची गाडी होती. घरात लग्न होते. गाडी आरशासारखी दिसावी म्हणून मी ड्रिल मशिनला स्पंजाची चकती लावली, रबिंग कंपाउंड घेतले आणि बॉनेट घासायला बसलो. चकाकी येत होती, तसा मला चेव चढत होता. बॉनेटच्या कडेशी आलो आणि पांढऱ्या चकतीवर राखाडी रंग दिसू लागला. मी थांबलो, पण तोवर व्हायचे ते होऊन गेले होते. कडेवरचा रंग गेला होता. बॉनेट पुन्हा रंगवून घ्यावे लागले आणि चंदेरी छटा शेजारच्या पत्र्याशी शेवटपर्यंत जुळली नाही. वडील गाडीभोवती एक फेरी मारून आले आणि एवढेच म्हणाले, "तू रंगाच्याच कारखान्यात नोकरीला आहेस ना?"

माझी चूक समजायची तर गाडीचा रंग म्हणजे काय ते आधी समजले पाहिजे. पत्र्यावर आधी गंज रोखणारा थर असतो, त्यावर प्रायमर, त्यावर रंगाचा थर आणि सगळ्यात वर पारदर्शक थर. त्याला क्लिअर कोट म्हणतात. या सगळ्यांची मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरचा दहावा-सातवा भाग. त्यात क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनच्या आसपास. आपल्या डोक्यावरचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे ज्या थरावर गाडीची सगळी शोभा अवलंबून आहे, तो केसापेक्षाही पातळ! उन्हातल्या अतिनील किरणांना अडवणारी द्रव्ये याच थरात मिसळलेली असतात. हा थर घासून पातळ झाला की तो परत वाढत नाही. कोणतेही मेण, कोणतीही बाटली तो परत आणून देत नाही. कडांवर आणि उंचवट्यांवर तर चकतीचा सगळा जोर एकाच ठिकाणी येतो. माझे बॉनेट तिथेच गेले.

आता दुकानातल्या त्या वीस बाटल्यांकडे वळू. नावे काहीही असोत, त्यांची कामे तीनच : मळ काढणे, घासून गुळगुळीत करणे आणि वर पांघरूण घालणे. पहिली दोन कामे काहीतरी काढून घेतात, तिसरे काहीतरी वर ठेवते. एवढा फरक ध्यानात ठेवला तरी निम्मे काम झाले.

सुरुवात धुण्यापासून. गाडीवरची धूळ म्हणजे बारीक वाळू. कोरड्या फडक्याने ती पुसली की रंगावर पॉलिश पेपर फिरवल्यासारखे होते. उन्हात काळ्या गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे दिसतात, त्यातले बहुतेक या रोजच्या पुसण्याचे असतात. म्हणून आधी पाणी ओतून धूळ वाहू द्यावी, मग गाडीच्या शाम्पूने धुवावे. दोन बादल्या ठेवाव्यात, एकीत शाम्पूचे पाणी आणि दुसरीत फडके खळबळायला साधे पाणी. भांड्यांचा साबण वापरू नये. तो तेलकटपणा काढण्यासाठीच बनवलेला असतो, त्यामुळे आधी लावलेले मेणही उतरवतो. रॉकेल किंवा डिझेलचा हात फिरवला की गाडी चकाकते हे खरे, पण ती चकाकी तेलाची. तासाभरात त्यावर धूळ बसते आणि रबराच्या पट्ट्या खराब होतात त्या वेगळ्याच.

धुवून वाळल्यावर एक सोपी परीक्षा करावी. पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात घालायची आणि बोटे बॉनेटवरून हलकेच फिरवायची. पिशवीमुळे रंगावरचा बारीकसा खडबडीतपणाही बोटांना कळतो. खरखर लागली तर रंगाला काहीतरी चिकटून बसले आहे असे समजावे. ब्रेकमधून उडणारे लोखंडाचे कण, डांबराचे शिंतोडे, झाडाचा चीक यांपैकी काहीही असू शकते. आंब्याखाली गाडी लावणाऱ्यांना हा अनुभव असतो. मोहराच्या दिवसांत तुडतुडे चिकट गोड रस सोडतात, त्याचे ठिपके टपावर बसतात. अशा वेळी घासू नये. क्ले बार नावाची मळलेल्या कणकेसारखी मऊ वडी मिळते. शाम्पूच्या पाण्याने पत्रा ओला ठेवून ती हलक्या हाताने फिरवली की चिकटलेले कण ती उचलून घेते. फक्त वडी जमिनीवर पडली तर लोभ सोडून टाकून द्यावी. तिला लागलेली खडी पुढे गाडीवरच रेघा मारणार.

बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग हे आणखी वेगळे प्रकरण. ते क्षार असतात. डाग ताजे असतील तर पाणी घातलेल्या व्हिनेगरने निघतात, मात्र लगेच स्वच्छ पाण्याने धुवावे लागते. पक्ष्यांची विष्ठा मात्र रविवारची वाट पाहत ठेवू नये. उन्हात ती रंगात रुतते आणि मग डाग निघाला तरी खूण राहते. ओले फडके दोन मिनिटे वर ठेवून ती मऊ करावी आणि उचलून घ्यावी.

एवढे करून पिशवीखाली पत्रा काचेसारखा लागला आणि रंगही तजेलदार असला, तर क्लीनरची गरज नाही. हे मी मुद्दाम ठासून सांगतो, कारण दुकानात असे कोणी सांगत नाही. भाच्याची गाडी नवी होती. तिला क्लीनर लावणे म्हणजे निरोगी माणसाने औषध घेण्यासारखे!

क्लीनर दोन प्रकारचे असतात. एकात द्रावके असतात, ती जुने मेण आणि मुरलेला मळ विरघळवून काढतात. दुसऱ्यात अगदी बारीक घर्षणद्रव्य असते, ते रंगाचा वरचा किंचित भाग घासून काढते. चिमूटभर द्रव बोटांत चोळून पाहिला तर कधीकधी कण हाताला लागतात, पण हल्लीचे कण इतके बारीक असतात की बाटलीवरची सूचना वाचणे हेच उत्तम. पॉलिश त्याहून थोडे जहाल आणि रबिंग कंपाउंड सगळ्यांत जहाल. नियम असा की सगळ्यात सौम्य द्रव आधी, तोही लपलेल्या जागी, हातभर पत्र्यावर. तेवढ्याने भागले तर पुढे जाऊच नये. ओरखड्यावरून नख फिरवावे. नख अडकले तर ओरखडा खोल आहे. तो घासून काढायला जाल तर ओरखड्याबरोबर रंगही जाईल. तिथे टच-अपचा रंग भरावा आणि समाधान मानावे.

जुन्या अँबॅसिडर किंवा पद्मिनी ज्यांनी प्रेमाने सांभाळल्या आहेत, त्यांच्यासाठी एक सूचना. अशा जुन्या गाड्यांच्या रंगावर बहुधा क्लिअर कोट नसतो. त्यामुळे फडक्यावर रंग उतरला तर घाबरू नये. वरचा खडूसारखा झालेला थर निघत असतो. नव्या गाडीवर मात्र फडक्यावर रंग दिसला, की त्याच क्षणी हात थांबवावा. क्लिअर कोट संपला आहे असा त्याचा अर्थ. मी तेव्हा थांबलो नाही.

आता पांघरूण. वॅक्स म्हणजे मेण. गाडीच्या चांगल्या मेणात कार्नोबा असते. ब्राझीलच्या ईशान्य भागात एक ताडासारखे झाड होते, त्याच्या पानांवर हे मेण साठते. पाने वाळवून ते झाडून काढतात. मधमाशीचे मेण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते, कार्नोबा ८० अंशांच्या पुढे. ते इतके कडक असते की तसेच लावता येत नाही, म्हणून त्यात द्रावके, तेल आणि मऊ मेणे मिसळतात. याची चकाकी ऊबदार आणि खोल दिसते, काळ्या-तांबड्या रंगावर तर विशेष. पण आपल्या उन्हात ते काही आठवडे, फार तर दोन महिने टिकते.

सीलंट म्हणजे कारखान्यात बनवलेले बहुवारिक, बहुतेक वेळा सिलिकॉनच्या कुळातले. दिसायला ते थोडे काचेसारखे आणि थंड, पण चार ते सहा महिने टिकते. लावल्यावर नीट बसायला त्याला बारा ते चोवीस तास लागतात, तेवढा वेळ गाडी पावसात नेऊ नये. दोन्ही लावायची हौस असेल तर आधी सीलंट, दुसऱ्या दिवशी वर मेण. उलट केले तर तेलकट मेणावर सीलंट धरत नाही.

मग निवड कशी करायची? गाडी रोज वापरात आणि उघड्यावर उभी असेल तर सीलंट घ्यावे. वर्षातून दोनदा लावावे, मे महिन्याच्या अखेरीस पावसापूर्वी आणि पाऊस संपल्यावर दिवाळीच्या सुमारास. गाडी छपराखाली असेल, रंग गडद असेल आणि रविवारची सकाळ तिच्याबरोबर घालवायला आवडत असेल तर मेण घ्यावे. गाडी जुनी, निस्तेज आणि वेळ थोडा असेल तर क्लीनर-वॅक्स असे एकत्र मिळते तेही चालेल. गाडी नुकतीच गॅरेजमध्ये रंगवली असेल तर काहीच लावू नये. त्या रंगातली द्रावके बाहेर पडायला वेळ लागतो. रंग बनवणाऱ्याने सांगितले असेल तेवढे, साधारण एक ते तीन महिने थांबावे.

लावताना सावली हवी आणि पत्रा हाताला थंड लागला पाहिजे. थर पातळ असावा. जाड थराने चकाकी वाढत नाही, पुसण्याचे कष्ट वाढतात. काळ्या प्लॅस्टिकला लागू देऊ नये, पांढरे डाग पडतात.

महागड्या कोटिंगबद्दल नेहमी विचारतात. टेफ्लॉन म्हणजे पीटीएफई. ते ३२७ अंशांना वितळते, तव्यावर ते भट्टीत भाजून बसवलेले असते. गाडीचा रंग इतकी उष्णता सोसणार नाही. त्यामुळे गाडीवर त्या नावाने जे लावले जाते, ते तव्यावरच्या थरासारखे असेल असे समजू नये. सिरॅमिक कोटिंग मात्र खरोखर टिकाऊ असते, चांगले लावले तर वर्षाहून अधिक. पण त्याच्या जाहिरातीतले '९एच' हे पेन्सिलींच्या कडकपणाचे माप आहे. रस्त्यावरच्या दगडाला ते माप ठाऊक नसते! शिवाय ते लावण्यापूर्वी रंग पॉलिश करतात. ते करणारा हात कसा आहे, हे बाटलीपेक्षा महत्त्वाचे.

शेवटी आमच्या सोसायटीतली गोष्ट. पहाटे गाड्या पुसणाऱ्या मुलाला काढून टाका, त्याच्यामुळे गाड्यांवर रेघा पडतात, असा ठराव बैठकीत आला. मी उठून विचारले, "त्याला आपण पाणी किती देतो?" वीस गाड्यांना एक बादली आणि एक फडके. दोष कोणाचा? आम्ही वर्गणी काढून त्याला दुसरी बादली, शाम्पू आणि मायक्रोफायबरची डझनभर फडकी आणून दिली. गाडीवर फार धूळ असेल त्या दिवशी नुसते पाणी ओतायचे, पुसायचे नाही, एवढेच सांगितले. तो मुलगा अजून येतो. आता तोच मला सांगतो, "काका, तुमच्या गाडीवर पाण्याचे थेंब गोल राहत नाहीत, पसरतात. मेण संपलं वाटतं."

भाच्याने त्या दिवशी काय घेतले? एक शाम्पू, एक सीलंट आणि सहा फडकी. वीसपैकी दोनच बाटल्या. दुकानदार थोडा नाराज झाला म्हणे.