ओढ लावणारा स्वरमेळ

गिटारच्या सहाव्या, म्हणजे सर्वांत जाड तारेच्या तिसऱ्या पडद्यापाशी अनामिका, पाचवीच्या दुसऱ्यापाशी मध्यमा आणि पहिलीच्या पहिल्यापाशी तर्जनी दाबून, मधल्या तिन्ही तारा मोकळ्या राखून सहाही छेडल्या, की ‘जी-सेव्हन’ हा स्वरमेळ उमटतो. ‘सी’ला षड्ज मानल्यास त्यात पंचम, निषाद, ऋषभ व शुद्ध मध्यम हजर असतात, पैकी मध्यम-निषादांत 6 अर्धस्वरांचे अंतर असल्याने कान अस्वस्थ होतो, आणि निषाद अर्धस्वर चढून षड्जावर, मध्यम तितकाच उतरून गांधारावर स्थिरावला, म्हणजेच ‘सी-मेजर’ वाजला, की ती अस्वस्थता शमते. नवशिक्याने बोटे कमानदार ठेवून हे दोन्ही स्वरमेळ आलटूनपालटून, संथ लयीत वाजवावेत. स्वरांची ही घरओढ ज्याला उमगली, त्याला पाश्चात्त्य संगीताचे मर्मच गवसले.