केवडा पडतो, तरी लोह मातीतच असते

ऊस किंवा सोयाबीन पिवळे पडले की हात आधी युरियाच्या गोणीकडे जातो, आणि ‘जमिनीत लोह उरले नाही’ हे निदान त्याच्या पाठोपाठ येते. यातला पहिला समज पान खोडून काढते, दुसरा माती. नत्र कमी पडले तर पीक ते जुन्या पानांतून काढून नव्या पानांना पुरवते, म्हणून पिवळेपणा खालून सुरू होतो. लोह असे हलवता येत नाही. त्यामुळे शेंड्याची कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हाच केवडा. तो चुनखडीच्या काळ्या जमिनीत दिसतो, आणि ही जमीन तर लोहाने समृद्ध अशा बेसाल्ट खडकापासून झालेली आहे. लोह असते, पण विरघळत नाही. सामू एकाने वाढला की मातीच्या पाण्यातील मुक्त फेरिक लोह सुमारे हजारपटीने घटते, आणि अशा जमिनींचा सामू बहुधा 8 ते 8.5 असतो. कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या मातीत कोडे उलटे आहे: तिथे लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदालाच जखडून ठेवतात. म्हणून मातीत किती आहे याच्याइतकेच मुळाला किती मिळते हेही विचारले पाहिजे.

मग गंधक टाकून सामूच का उतरवू नये? हिशेब मांडून पाहावा. एक हेक्टरचा 15 सेंटिमीटरचा थर साधारण 2,000 टन भरतो. त्यात 10 टक्के चुनखडी असेल तर ती 200 टन झाली, आणि ती पूर्ण संपवायला सुमारे 64 टन गंधक लागेल. जिप्समही इथे कामाचे नाही. ते चोपण जमिनीतला सोडियम हटवते, चुनखडी नाही. ‘हिराकस फवारल्यावर पीक हिरवे होते, म्हणजे लोह कमीच होते ना?’ हा आक्षेप रास्त वाटतो. पण फवारणी मातीला वळसा घालून थेट पानाला लोह देते. तेच हिराकस नुसते जमिनीत टाकले तर लवकरच अविद्राव्य होते. म्हणून ते शेणखतात मुरवून द्यावे, पाणी साचू देऊ नये आणि माती परीक्षणाच्या अहवालात सामूबरोबर मुक्त चुनखडीचा आकडाही वाचावा. जमीन बदलण्याच्या हट्टापायी पैसा घालण्यापेक्षा मुळाची वाट मोकळी करण्यात शेतकऱ्याचे खरे हित आहे.