मळक्या इंजिनाची विचारपूस

सकाळचे साडेसात वाजले होते. जळगाव स्थानकात एक मालगाडी सिग्नलसाठी थांबली. बाकावर बसलेल्या आप्पांनी काठी किंचित उचलून इंजिनाकडे दाखवले आणि ते म्हणाले, "बऱ्याच दिवसांत अंघोळ झालेली दिसत नाही याची." कित्येक आठवड्यांत आपण होऊन त्यांनी उच्चारलेले ते पहिले पूर्ण वाक्य होते.

आप्पा म्हणजे माझे वडील. भुसावळला रेल्वेच्या नोकरीत त्यांची हयात गेली. आई गेल्यानंतर त्यांनी उंबरठा ओलांडणे सोडले आणि पाठोपाठ विस्मरण सुरू झाले. आपल्याही घरी असे कोणी असेल, तर पुढचा प्रकार आपणांस ठाऊकच आहे. "मला ओळखलंत का?", "सकाळी काय खाल्लंत?", "आज वार कोणता?" आम्ही हे प्रेमानेच विचारत होतो, पण त्यांच्या दृष्टीने ती रोजची परीक्षा होती आणि तीत ते रोज नापास होत होते. मग त्यांनी उत्तरे देणेच बंद केले. स्मरणशक्ती क्षीण होत असलेल्या माणसाला आठवणीतले विचारण्यापेक्षा डोळ्यांसमोरचे काही दाखवावे, एवढी साधी गोष्ट कळायला आम्हांला वर्ष लागले.

आगगाड्या पाहण्याचा आणि इंजिनांचे क्रमांक टिपून ठेवण्याचा छंद जगभर आहे. इंग्लंडमध्ये इयन ॲलन यांनी 1942 साली इंजिनांच्या क्रमांकांची छोटी पुस्तिका काढली आणि मुलांच्या खिशाखिशांत ती जाऊन बसली. आपल्याकडेही रेल्वेप्रेमी पुष्कळ आहेत. मात्र बहुतेकांचे कॅमेरे 'वंदे भारत'सारख्या लखलखीत गाड्यांकडे वळतात. मी आपणांस उलट सुचवीन. मालगाडीचे, त्यातही अगदी कळकट झालेले इंजीन निवडा. धुतलेल्या इंजिनाविषयी बोलण्यासारखे फारसे काही नसते. मळलेल्याविषयी बरेच असते.

उदाहरणार्थ, चाकांजवळचा तांबूस थर पाहा. चाके, रूळ आणि ब्रेकचे ठोकळे झिजून उडालेली लोखंडी धूळ तेथे बसते आणि गंजते. छतावरची काळी भुकटी वेगळी. तारेला टेकणाऱ्या पँटोग्राफवर कार्बनच्या पट्ट्या असतात, त्या घासून ती तयार होते. जोडणीच्या जागी वंगणावर धूळ चिकटून चिखलासारखी पुटे चढतात. डिझेल इंजीन असेल तर धुराड्याच्या आसपास काजळी हमखास. जुन्या 'आल्को' इंजिनांनी जोर धरला की निघणारा काळाकुट्ट लोट सुरत मार्गावर प्रवास केलेल्यांना आठवत असेल. दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्रामुळे भुसावळ परिसराला कोळशाच्या गाड्यांची सवय आहेच, आणि वैशाखात आपल्या काळ्या मातीची धूळ या सगळ्यावर पसरते. एवढ्या मळातही समोरच्या काचेवर वायपरने पुसलेली स्वच्छ कमान दिसते. दोन इंजिने पाठीला पाठ लावून जोडलेली असतील, तर आतल्या बाजूची तोंडे बहुधा अधिक मळकी असतात. तिकडची काच पुसायचे कोणाला कारणच पडत नाही. हे आप्पांनी सांगितले. मी इतकी वर्षे गाड्या पाहूनही माझ्या ते ध्यानात आले नव्हते.

मळाखालची अक्षरेही वाचून घ्यावीत. 'डब्ल्यूएजी-9' यातील 'डब्ल्यू' म्हणजे ब्रॉडगेज, 'ए' म्हणजे एसी वीज, 'जी' म्हणजे मालवाहतूक. 'ए'च्या जागी 'डी' असेल तर डिझेल. पुढचा आकडा प्रकाराचा. 'डब्ल्यूएजी-7' सुमारे 5,000 अश्वशक्तीचे, मधेपुऱ्याला तयार होणारे 'डब्ल्यूएजी-12' 12,000 अश्वशक्तीचे. शिवाय इंजीन कोणत्या शेडचे, तेही लिहिलेले असते: भुसावळ, अजनी, इटारसी. इंजीन घरी परतून तपासणी झाली की त्याची धुलाईही होते, म्हणून मळ पाहून ते घराबाहेर किती दिवस असावे याचा अदमास बांधता येतो. हा अदमास चुकला तरी कोणाचे बिघडत नाही. विस्मरण झालेल्या माणसाला हेच हवे असते.

छायाचित्रासाठी सकाळची तिरपी उन्हे उत्तम. त्यांत पुटांचा खडबडीतपणा उठून दिसतो. दुपारी काळे इंजीन नुसता काळा ठोकळा होऊन बसते. मोबाइलच्या पडद्यावर इंजिनाच्या सर्वांत काळ्या भागाला बोट लावावे, म्हणजे चित्र उजळते. हात थरथरत असतील तर बाकावरच बसून कोपरे पोटाशी टेकवावीत आणि आवाजाच्या बटणाने चित्र टिपावे. बहुतेक फोनमध्ये ती सोय असते. फ्लॅश मात्र कटाक्षाने बंद ठेवावा, समोर लोको पायलट असतो.

आता काळजीच्या गोष्टी. फलाट तिकीट 10 रुपयांचे आणि दोन तासांचे असते. ज्येष्ठांना तेवढा वेळ पुरेसा आहे. छायाचित्रे काढण्यापूर्वी स्टेशन मास्तरांना किंवा रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानाला विचारावे. रुळांवर किंवा यार्डात उतरणे हा रेल्वे अधिनियम 1989 च्या कलम 147 नुसार गुन्हा आहे, आणि वरच्या तारेत 25,000 व्होल्ट असतात. तेव्हा सेल्फीची काठी घरीच राहू द्या. न थांबणारी मालगाडी येताना पिवळ्या रेषेपासून चांगले मागे, शक्यतो बसूनच राहावे. कोळशाची गाडी जाताना दम्याच्या रुग्णाने मुखपट्टी लावावी व पंप खिशात ठेवावा. श्रवणयंत्र असेल तर भोंग्यापूर्वी आवाज कमी करावा. मधुमेह असलेल्याने उपाशीपोटी निघू नये. आपल्याकडचा उन्हाळा आपणांस सांगायला नको: नऊच्या आत घरी परतावे, पाणी न मागताही द्यावे, आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर उन्हाळ्यातील पाण्याचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. स्वच्छतागृहाजवळचा बाक निवडला तर निम्मी चिंता मिटते.

जळगावची गर्दी सोसत नसेल त्यांनी धुळे पाहावे. चाळीसगावहून 1900 साली आलेला तो फाटा तेथेच संपतो. गाड्या थोड्या, त्यामुळे बसायला निवांत. मनमाड-इंदूर मार्गाला 2024 साली मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली आहे. त्या मार्गाच्या गप्पा ऐकतच धुळ्यातली एक पिढी म्हातारी झाली; फलाटावर नुसता विषय काढा, मंडळी आपण होऊन बोलू लागतील.

आम्ही एक वही केली आहे. क्रमांक मी लिहितो, शेड आप्पा सांगतात, आणि शेवटच्या रकान्यात मळाला दहापैकी गुण देतात. कधी कधी आदल्या दिवशीचे इंजीन त्यांना अजिबात आठवत नाही. तेव्हा मी वही उघडत नाही. पुढची गाडी येईपर्यंत थांबतो. परवा त्यांनी एका इंजिनाला अकरा गुण दिले. दहापैकी अकरा कसे, असे मी विचारले. ते म्हणाले, "जवळ जाऊन वास घे, मग कळेल." जवळ जायला मनाई आहे, हे मी त्यांना सांगितले. "आता आहे," ते म्हणाले, आणि त्यांनी चहा मागितला.