भिंतीवरची दोन नावे

प्राग शहरात पिंकस नावाचे ज्यूंचे एक जुने प्रार्थनामंदिर आहे. त्याच्या भिंतींवर आतून ओळीने नावे लिहिली आहेत. बोहेमिया आणि मोराविया या प्रांतांतून नाझींनी ज्यांना नेले आणि जे परतलेच नाहीत, अशा सुमारे ७८ हजार ज्यूंची ही नावे.

१९९६ साली मॅडलिन ऑलब्राइट या भिंतींसमोरून गेल्या. तेव्हा त्या संयुक्त राष्ट्रसंघात अमेरिकेच्या राजदूत होत्या. एखाद्या पाहुणीने पाहावे, तसे त्यांनी ते सारे पाहिले. तिथे कुणाचे नाव शोधावे, असे मनात येण्याचे कारणच नव्हते. वर्षभराने, जुलै १९९७ मध्ये, त्या पुन्हा आल्या. या वेळी त्यांना दोन नावे शोधायची होती. आर्नोश्ट आणि ओल्गा कोर्बेल. त्यांचे आजोबा आणि आजी.

मधल्या वर्षात काय घडले? जानेवारी १९९७ मध्ये त्या अमेरिकेच्या पहिल्या महिला परराष्ट्रमंत्री झाल्या. त्यांच्या पूर्वायुष्याचा शोध घेणाऱ्या एका पत्रकाराने फेब्रुवारीत लिहिले, की त्यांचे घराणे मूळचे ज्यू होते आणि त्यांच्या आजी-आजोबांपैकी तिघे नाझींच्या हातून संपले. मॅडलिनबाई तेव्हा ५९ वर्षांच्या होत्या. आयुष्यभर त्या स्वतःला ख्रिस्ती समजत आल्या होत्या.

त्यांचे वडील जोसेफ कोर्बेल हे चेकोस्लोव्हाकियाचे मुत्सद्दी. मार्च १९३९ मध्ये नाझी फौजा प्रागमध्ये शिरल्या आणि दहा दिवसांतच हे नवरा-बायको तान्ह्या लेकीला घेऊन निसटले. इंग्लंडमध्ये त्यांनी कॅथलिक धर्म स्वीकारला. मागे राहिलेले आई-वडील मात्र सुटले नाहीत. आर्नोश्ट तेरेझिनच्या छावणीत गेले, ओल्गा आउशविट्झला. जवळच्या-लांबच्या वीसहून अधिक नातेवाइकांची हीच गत झाली. लेकीला एवढेच कळले, की आजी-आजोबा युद्धाच्या दिवसांत वारले. म्हातारी माणसे जातातच, असे तिने धरून चालले.

जोसेफ कोर्बेल हे नाव भारतीयांना अगदीच परके नाही. १९४८ साली काश्मीरच्या प्रश्नासाठी संयुक्त राष्ट्रसंघाने जो आयोग पाठवला, त्यावर ते होते. ‘डेंजर इन काश्मीर’ हे त्यांचे पुस्तक १९५४ साली आले. फाळणीच्या जखमा ज्याने जवळून पाहिल्या आणि त्यावर पानेच्या पाने लिहिली, त्या गृहस्थाने स्वतःच्या घरातल्या जखमेबद्दल मुलांशी चकार शब्द काढला नाही! १९७७ साली ते गेले, १९८९ साली त्यांची पत्नी गेली. मुलांना विचारायला कुणी उरले नाही.

बातमी आली तेव्हा अनेकांनी नाके मुरडली. एवढी बुद्धिमान बाई, हिला काहीच कसे कळले नाही? प्रश्न वरवर रास्त वाटतो. पण आपल्याच घराकडे पाहा. आजोबा गाव सोडून का आले, एका आत्याचे नाव कुणी का घेत नाही, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारले आहे? आई-वडील सांगतात ती गोष्ट मूल खरीच मानते. तपासून पाहायची असते ती परक्याची गोष्ट.

नाटककार टॉम स्टॉपर्ड यांचीही अशीच कहाणी. त्यांचा जन्मही १९३७ चा आणि चेकोस्लोव्हाकियातलाच. वडील बाटा कंपनीचे डॉक्टर. नाझींमुळे कुटुंब सिंगापूरला गेले. तिथून निघताना युद्धात वडील गेले आणि आई दोन मुलांना घेऊन भारतात आली. दार्जिलिंगला बाटाच्या दुकानात तिने काम केले, पुढे एका इंग्रज अधिकाऱ्याशी लग्न केले. आपले चारही आजी-आजोबा ज्यू होते आणि नाझींचे बळी ठरले, हे स्टॉपर्ड यांना पन्नाशी उलटल्यावर एका नातेवाईक बाईने सांगितले. ते सारे नाटकात उतरायला ‘लिओपोल्डस्टाट’ यावे लागले, २०२० साली.

या आई-वडिलांना दोष द्यावा का? मुलांवर पुन्हा तसा प्रसंग येऊ नये, या एका धास्तीने त्यांनी तोंड मिटले असेल. सांगताना आपणच कोसळू, ही भीतीही असेल. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपल्याकडे म्हणतात. पण त्या मुठीत माणसे असतात. ती एकदा छावणीत मरतात आणि दुसऱ्यांदा घरच्यांच्या बोलण्यातून नाहीशी होतात.

मॅडलिनबाईंनी आई-वडिलांना कधी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले नाही. त्या शोधत राहिल्या. गॅरेजमध्ये ठेवलेल्या खोक्यांत त्यांना वडिलांची अप्रकाशित कादंबरी सापडली. युद्धानंतर मायदेशी परतणाऱ्या एका मुत्सद्द्याची कथा. लेकीला जे तोंडाने सांगता आले नाही, त्याच्या आसपास हा माणूस कागदावर घुटमळत राहिला होता की काय? या शोधातून २०१२ साली ‘प्राग विंटर’ हे पुस्तक झाले. मार्च २०२२ मध्ये मॅडलिनबाई गेल्या.

भिंतीवरची ती दोन नावे १९९६ सालीही तिथेच होती. नात त्यांच्यासमोरून गेली आणि तिला कळले नाही. घरातली म्हातारी माणसे आहेत तोवर, त्यांना झेपेल तेवढे, त्यांच्या कलाने विचारावे. त्यांनीही जाण्यापूर्वी, जमेल तेवढे, सांगून ठेवावे.