एकाच घराण्याचे तीन घट

दिवेलागणीला भोपाळच्या बिट्टन मार्केटमधला भाजीचा हाट रंगात येतो. अरेरा कॉलनीतली मराठी कुटुंबं पिशव्या घेऊन इथे उतरली, की भाजीवाल्याशी घासाघीस हिंदीत चालते आणि वांगी बियाळ निघतील का, याची कुजबुज मराठीत. भाजीवाल्याच्या हातातला तराजू केव्हाच गेला. आता इलेक्ट्रॉनिक काटा असतो आणि त्याच्या पोटात ६ व्होल्टची शिशाची छोटी बॅटरी. बाहेर उभ्या ई-रिक्षांत बहुधा सीटखाली १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. गिऱ्हाइकाच्या खिशातल्या मोबाइलमध्ये लिथियम आहे. शिशाची बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच माणसाने १८५९ मध्ये बनवली, लिथियम-आयन सोनीने १९९१ मध्ये बाजारात आणली. या दोन तारखांमधलं सव्वाशे-दीडशे वर्षांचं अंतर या हाटात दोन पावलांत ओलांडता येतं.

पण भोपाळमध्ये बॅटरीची गोष्ट सांगायची तर सुरुवात करावी लागते ती साध्या सेलपासून.

मराठी घरांत बरीच वर्षं ‘बॅटरी’ म्हणजे टॉर्च. तिच्यात घालायचे ते सेल. उजेड पिवळा पडू लागला की आजी सेल उन्हात ठेवायला सांगे, आणि खरंच त्या रात्री टॉर्च थोडी बरी चाले. यात भाबडेपणा नव्हता. सेलमधली रासायनिक क्रिया उष्णतेने वेग घेते, आत साचलेली क्रियेची उरलीसुरली उत्पादनं जरा पांगतात आणि शिल्लक राहिलेली थोडी वीज बाहेर येते. नवी वीज काही तयार होत नाही, डब्याच्या तळाची साखर खरवडून काढण्याचाच तो प्रकार. मेलेला सेल फोडणं हा पोरांचा उद्योग होता. बाहेर जस्ताचं डबडं, मध्ये कार्बनची कांडी आणि भोवती हात काळे करणारी भुकटी. ही भुकटी म्हणजे प्रामुख्याने मँगनीज डायऑक्साइड. जस्त झिजताना इलेक्ट्रॉन सोडतं, ते तारेतून, दिव्यातून फिरून या भुकटीकडे येतात. रसायनाने केलेला हा व्यवहार म्हणजेच वीज. भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्ग खाणीतून निघणारं मँगनीज डायऑक्साइडचं खनिज याच कामासाठी प्रसिद्ध आहे. खाण चालवणारी ‘मॉइल’ ही सरकारी कंपनी नागपूरची. तिने तिथेच विजेच्या साहाय्याने शुद्ध मँगनीज डायऑक्साइड तयार करण्याचा प्रकल्पही उभारला. म्हणजे सेलचं पोट भरायला विदर्भाची मातीही गेली आहे.

हे लाल सेल भारतभर विकणारी कंपनी होती युनियन कार्बाइड इंडिया. छाप एव्हरेडी.

भोपाळमध्ये ‘कार्बाइड’ म्हटलं की कोणाला सेल आठवत नाही. तिथे तो शब्द फक्त शहराच्या उत्तरेकडल्या, १९८४ च्या विषारी वायुगळतीच्या कारखान्यासाठी वापरला जातो. पण घराणं पाहिलं तर भारतातला मूळ व्यवसाय बॅटरीचाच. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंड शहरात १८८६ मध्ये नॅशनल कार्बन कंपनी निघाली. तिने कोरडे सेल घाऊक प्रमाणात विकायला सुरुवात केली, १९१४ मध्ये अमेरिकन एव्हर रेडी ही टॉर्चवाली कंपनी विकत घेतली आणि १९१७ मध्ये ती स्वतःच युनियन कार्बाइड या मोठ्या समूहात सामील झाली. भारतातल्या कंपनीची नोंद १९३४ ची. भोपाळमधला कीटकनाशकांचा कारखाना त्यानंतर कितीतरी वर्षांनी, १९६९ मध्ये आला.

या घराण्याच्या प्रयोगशाळेने जगाला काय दिलं, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. क्लीव्हलंडजवळच्या पार्मा इथे लुइस उरी नावाच्या तरुण कॅनेडियन अभियंत्याला साध्या सेलचं आयुष्य वाढवण्याचं काम दिलं होतं. त्याने वेगळीच वाट धरली. आम्लधर्मी द्रावणाऐवजी अल्कली, आणि जस्ताच्या पत्र्याऐवजी जस्ताची पूड. पूड केली की क्रियेला जागा कितीतरी पटींनी वाढते. वरिष्ठांना पटवायला त्याने खेळण्यातल्या दोन मोटारी आणल्या, एकीत जुना सेल, दुसरीत नवा, आणि दोन्ही कँटीनच्या जमिनीवर सोडल्या. जुनी थोड्या वेळात थांबली. नवी फिरतच राहिली, बघणारे कंटाळले. या अल्कलाइन सेलचं पेटंट १९६० मध्ये मंजूर झालं. त्यावर उरीबरोबर पॉल मार्सल आणि कार्ल कोर्डेश यांचीही नावं आहेत.

यातला कोर्डेश हा ऑस्ट्रियन गृहस्थ भन्नाट होता. त्याला साध्या सेलपेक्षा इंधन घटाचं वेड अधिक. सेलचं दुःख असं की शिदोरी संपली की तो मेला. इंधन घटात शिदोरी बाहेरून येत राहते: एका बाजूने हायड्रोजन, दुसरीकडून ऑक्सिजन, मध्ये द्रावण किंवा पडदा. हायड्रोजन जळत नाही, पण जळण्यातला इलेक्ट्रॉनांचा व्यवहार मात्र पुरा होतो. वीज मिळते आणि खाली पाणी ठिबकतं. कल्पना १८३९ ची, विल्यम ग्रोव्ह या वकील-वैज्ञानिकाची. १९६६ मध्ये जनरल मोटर्सने ‘इलेक्ट्रोव्हॅन’ बनवली, तीत युनियन कार्बाइडचे ३२ इंधन घट-संच बसवले होते. टाक्या आणि नळ्यांनी अख्खी व्हॅन भरून गेली, माणसांना उरल्या दोन जागा. कोर्डेशने मात्र १९७० च्या सुमारास स्वतःच्या छोट्या ऑस्टिन गाडीत घट बसवला, हायड्रोजनची नळकांडी टपावर बांधली आणि ती सरळ गावात फिरवली. आज टपावर हायड्रोजन बांधून कोणी बिट्टन मार्केटला भाजी आणायला निघाला, तर पहिल्याच चौकात अडवला जाईल. पुण्यात २१ ऑगस्ट २०२२ रोजी केपीआयटी आणि सीएसआयआर यांनी बनवलेली हायड्रोजन बस लोकांसमोर आली, ती याच कुळातली. फक्त तिच्यातल्या घटांत द्रावणाऐवजी पातळ प्लास्टिकसारखा पडदा असतो.

आता तिसरा भाऊ, सेन्सर. इंधन घटाला पोटभर वायू मिळाला तर तो बस ओढतो. त्याला मुद्दाम उपाशी ठेवलं, एका बारीक छिद्रातून हवेतला जेमतेम वायू आत जाऊ दिला, तर वीज नगण्य मिळते. पण ती बरोबर वायूच्या प्रमाणात मिळते. म्हणजे घट आता मोजमाप करतो. मद्यपी चालकाला फुंकर मारायला लावणारं पोलिसांचं यंत्र बहुधा असंच असतं: श्वासातला अल्कोहोल हेच इंधन, प्लॅटिनमवर तो ऑक्सिडाइज होतो आणि आकडा उमटतो. खाणीतला ऑक्सिजन किंवा बॉयलरखोलीतला कार्बन मोनॉक्साइड मोजणारी हातातली यंत्रंही याच जातीची.

भोपाळच्या कारखान्यात मात्र २ डिसेंबर १९८४ च्या रात्री गळती पहिल्यांदा कळली ती कुठल्या यंत्राला नव्हे, कामगारांच्या डोळ्यांना. रात्री साडेअकराच्या सुमारास डोळे चुरचुरू लागले, पाणी येऊ लागलं. मिथिल आयसोसायनेट गळतं आहे, हे तिथे असंच ओळखायची सवय होती. सवय किती घातक, ते आकड्यांत दिसतं. या वायूची कामाच्या जागेची मर्यादा दहा लाख भाग हवेत ०.०२ भाग. जर्मनीत १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २ भागांवर माणसांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि वास मात्र तेव्हाही आला नाही. म्हणजे डोळा जागा होतो तोवर मर्यादा शंभर पटींनी ओलांडलेली असते. चहाच्या सुट्टीनंतर बघू, असं ठरलं. सुट्टी संपेपर्यंत टाकीचा दाब हाताबाहेर गेला होता.

चांगला सेन्सर असता तर सगळं टळलं असतं, असं म्हणणं सोपं आणि चुकीचं आहे. टाकीतलं रसायन थंड ठेवणारी यंत्रणा जूनपासूनच बंद होती, गळका वायू जाळणारी चिमणी दुरुस्तीसाठी तोडलेली होती. सेन्सर केवळ कळवतो, ऐकायला माणूस आणि चालू यंत्र लागतंच. शिवाय प्रत्येक वायूला विजेची भाषा येते असंही नाही.

बिट्टन मार्केटजवळच, अरेरा कॉलनीच्या ई-५ भागात, पर्यावरण परिसर आहे. तिथे मध्यप्रदेश प्रदूषण नियंत्रण मंडळाचं मुख्य कार्यालय आणि हवा सतत मोजणारं केंद्र आहे. अशा सरकारी केंद्रांत वायू मोजायला साधारणपणे प्रकाशावर चालणारी महागडी यंत्रं असतात. विद्युतरासायनिक सेन्सर स्वस्त आणि मुठीत मावणारा, पण उन्हाळ्यात त्याचा आकडा सरकतो, दमट हवेत तो बिथरतो, एका वायूला दुसरा समजतो आणि दोन-तीन वर्षांत थकतो. म्हणून कोणत्याही स्वस्त यंत्रावर दिसणारा हवेचा आकडा जरा सबुरीनेच घ्यावा.

कार्बाइडच्या भारतीय कंपनीचं पुढे काय झालं? १९९४ मध्ये अमेरिकन कंपनीने आपला ५०.९ टक्के वाटा कोलकात्याच्या मॅक्लिओड रसेलला विकला आणि सेलची कंपनी एव्हरेडी इंडस्ट्रीज या नावाने चालू राहिली. त्या विक्रीच्या पैशातून भोपाळमध्ये गॅसपीडितांसाठी भोपाळ मेमोरियल हॉस्पिटल उभं राहिलं. लोक सेल घेत राहिले, पैसा असा फिरून शहरात आला, हा हिशेब मांडताना हात अडखळतो.

फुप्फुसं अधू झालेल्या रुग्णाच्या रक्तात किती ऑक्सिजन आहे, हे कोणतंही मोठं इस्पितळ आज मिनिटांत सांगतं. त्यासाठी रक्त तपासणाऱ्या यंत्राच्या मुळाशी ओहायोच्याच लीलंड क्लार्कने १९५४ मध्ये बनवलेला इलेक्ट्रोड आहे: प्लॅटिनमचा एक ठिपका, जवळ चांदी, थोडं द्रावण आणि वरून ताणलेला पॉलिथिनचा पातळ पापुद्रा. पापुद्र्यातून ऑक्सिजन झिरपतो, प्लॅटिनमवर इलेक्ट्रॉन घेतो आणि तेवढाच नाजूक प्रवाह वाहतो. पार्मा, जिथे उरीच्या मोटारी फिरल्या, तेही ओहायोतच.